शून्य मशीनचं शहर

३ मार्च

चि. खडू,

आशीर्वाद. हे पत्र हाताने लिहिते आहे. रागात टाइप केले की माझ्या चुका होतात, आणि चुका मला चालत नाहीत हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

काल नगरपालिकेचे अध्यक्ष आपल्या धुलाईघराच्या दारात उभे राहून एक अहवाल मोठ्याने वाचत होते. जगातल्या वेगवेगळ्या प्रदेशांच्या विकासाची तुलना. त्यात आपले शहर सर्वांत खालच्या गटात आहे. शब्द 'अल्पविकसित'. कारण काय, तर शहरातल्या एकाही घरात वॉशिंग मशीन नाही. प्रकरणाखाली लेखिका म्हणून तुझे नाव. ते त्यांनी दोनदा वाचले. "बाई, तुमच्या भाचीनंच लिहिलंय हो! घरचा आहेर!" असे म्हणून हसले. हसताना त्यांचे पोट त्यांच्याआधी हसते.

हसण्याचे कारण पुढे कळले. खालच्या गटातल्या शहरांना मदत मिळते, आणि आपल्या वाट्याला घरटी एक वॉशिंग मशीन येणार आहे. घरोघरी मशीन आले की धुलाईघर हवे कशाला? ते पाडून तिथे मोटारी उभ्या करायची जागा करायची. नकाशाही तयार आहे. आमच्या कपडे वाळवायच्या गच्चीच्या जागी पांढऱ्या रेघा ओढलेल्या मी स्वतः पाहिल्या.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हापासून हे धुलाईघर चालवते आहे. निवृत्ती शाळेतून घेतली, इथून नाही. कॉलेजात अर्थशास्त्राचा पेपर मलाही होता. त्यात मागासलेपणाची व्याख्या अशी नव्हती.

एवढेच सांग, हे तू लिहिलेस की तुझ्याकडून लिहवून घेतले?

मावशी


१४ मार्च

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार. मीच लिहिलं. कुणी लिहवून घेतलं नाही. तूच शिकवलंस ना, उत्तर चुकलं तरी स्वतःचं असावं.

रागावू नकोस, आधी ऐक. माझ्या प्रकरणात तीन प्रदेशांची तुलना आहे. घरकाम हलकं झालं की बायकांना शिकायला, कमवायला वेळ मिळतो, म्हणून घरातल्या काही खुणा मोजायच्या असं ठरलं: नळ, वीज, शेगडी, वॉशिंग मशीन. नियम माझा नाही, सगळ्या प्रदेशांना एकच आहे. कुठल्याही एका खुणेत शून्य आलं तर शहर आपोआप तळाच्या गटात जातं. थोड्या घरांत मशीन असती तरी आपण मधल्या गटात गेलो असतो. पाहणीवाले दारोदार फिरले, आणि प्रत्येक घराने 'नाही' सांगितलं. प्रत्येक! आमच्या कार्यालयात कुणाचा विश्वास बसेना. नळ आहेत, वीज आहे, मुली कॉलेजात जातात, आणि वॉशिंग मशीन एकही नाही? मीच त्यांना सांगितलं, हो, आमच्याकडे धुलाईघर आहे.

मग त्यांनी विचारलं, "धुलाईघराचा रकाना कुठाय?" रकाना नाही, मावशी. घर मोजायचं ठरलं आहे, घराबाहेरचं नाही.

आणि आता सगळ्यात अवघड गोष्ट. मी आपल्या शहरासाठी एक आकडाही बदलू शकत नाही. दुसऱ्या कुठल्या शहराबद्दल कदाचित भांडले असते. आपल्यासाठी भांडले तर उद्या कुणीही म्हणेल, मावशीचं गाव म्हणून वर सरकवलं. हे माझं पहिलं प्रकरण आहे.

अहवाल अजून कच्चा आहे. मेअखेरपर्यंत हरकती घेता येतात. हरकत शहराकडून यावी लागेल, पुराव्यासकट. मी त्या ओळीला हात लावणार नाही, दुसरं कुणी तपासेल.

तुझी,
खडू


२७ मार्च

चि. खडू,

आकडा बदलू नकोस. बदललास तर पहिली हरकत मी घेईन, ती तुझ्यावर. हे लिहून झाल्यावर माझा अर्धा राग गेला. उरलेला अर्धा तुझ्या रकान्यांवर आहे.

पुरावा हवा तर घे. तुझ्या वरिष्ठांना धुलाईघर म्हणजे काय हे माहीत नसणार, म्हणून सविस्तर लिहिते. वाचून दाखव.

इथे आपापले कपडे आपण धूत नाही. प्रत्येक घर आपले बोचके आणून टाकते, त्याला घराच्या खुणेचा रंगीत दोरा. संध्याकाळी घडी घातलेले कपडे घेऊन जाते. धुतात ती घरे ज्यांचा त्या दिवशी वार आहे; रोज काही घरांचा असतो. महिन्यातून एकदा आपला वार आला की आपण सर्वांचे धुवायचे, बाकी महिनाभर सर्वांनी आपले. आणि वार घराचा असतो, बाईचा नाही. हा नियम मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिला होता. घरातले कोणतेही मोठे माणूस चालेल, पण एकच बाई दोनदा सलग चालणार नाही. पुढच्या खेपेला नवरा, दीर, सासरा, मुलगा, कोणीतरी यायलाच हवे.

पहिल्या वर्षी पुरुष कसे आले ते तुला आठवणार नाही. मिशाळ ड्रायव्हरने मिशीवर रुमाल बांधला होता, ओळखू येऊ नये म्हणून. मी विचारले, "साबणाची ॲलर्जी?" तो म्हणाला, "नाही बाई, लाजेची." आज तोच दुसऱ्यांना चादर पिळायला शिकवतो. त्याला पिळताना पाहावे. चादर शरण येते.

आता तुझ्या श्रीमंत प्रदेशाचे सांग. तिथे घरोघरी मशीन आहे, मान्य. ते मशीन लावतो कोण? कपडे बाहेर काढतो कोण? घड्या कोण घालतो? तुझ्या घरी जावईबापूंचे शर्ट कोण धुते, हे मी विचारत नाही. उत्तर मला माहीत आहे.

धुलाईघरासाठी मोठी मशीन आपण सर्वांनी मिळून आणली तेव्हा एकमेकांना एक शब्द दिला होता. कोणी घरात वेगळे मशीन आणायचे नाही. ज्यांना परवडते ते बाहेर पडले की उरलेल्यांचे धुलाईघर गरिबांचे होते, आणि गरिबांचे म्हटले की ते मोडायला कोणाला काही वाटत नाही. इतक्या वर्षांत तो शब्द एकाही घराने मोडला नाही. तुमच्या अहवालात ज्याला शून्य म्हणतात त्याचा मला अभिमान आहे. तोच पुरावा म्हणून पाठव.

मावशी

ता. क. शिंपीणबाई तुझी आठवण काढते. अलीकडे गप्प असते. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत.


२ एप्रिल

खडूताई,

मी शिंपीणबाई. तुझ्या शाळेचे फ्रॉक मी शिवायचे, आठवतंय ना? पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा उसवलेलं असलं तर सांभाळून घे.

हे वाचून झाल्यावर फाडून टाक. तुझ्या मावशीला कळलं तर मला धुलाईघरात पाय ठेवायची सोय उरणार नाही.

माझ्याकडे मशीन आहे गं. स्वयंपाकघरात ठेवलंय, वर टेबलक्लॉथ, त्यावर फुलदाणी. पाहणीवाली मुलगी आली तेव्हा मी तिच्यासमोर त्याच्यावर चहाचा कप ठेवला आणि सांगितलं, नाही, आमच्याकडे नाही मशीन. ती मुलगी साधी. तिचा चहा मशीनवरच पिऊन झाला.

मी एकटीच नाही. मिशाळ ड्रायव्हरकडे आहे. फार्मसीवाल्याकडे आहे. आमच्या गल्लीतच पाच-सहा घरांत असेल. कुणी कुणाला सांगत नाही, पण भिंतीतून घरघर ऐकू येतेच की. एकमेकांची घरघर आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करतो. ती सगळी 'नाही' म्हणाली, कारण सगळ्यांना वाटलं, कागदावर नाव लागलं की बाईंपर्यंत जाईल. सरकारला कोण घाबरतंय? तुझ्या मावशीला घाबरतात.

मी कशाला घेतलं ते सांगते. सासूबाईंच्या चादरी. रोज खराब होतात. त्या बोचक्यात कशा घालू? आज ज्याचा वार, तो उघडणार. उद्या दुसरा. त्या अजून शुद्धीत आहेत, खडूताई. मला म्हणाल्या, "माझी लाज गावभर धुवायला देऊ नकोस." मग काय करणार?

बाकीचे कपडे मी अजूनही धुलाईघरातच देते. माझा वारही चुकवत नाही. चोर म्हणू नकोस मला.

आता पाडणार म्हणतात, तर झोप येत नाही. आमच्या खोटं बोलण्याने पाडणार असतील तर काय करावं, तूच सांग. तू शिकलेली आहेस.

शिंपीणबाई


२० एप्रिल

प्रिय मावशी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. तीन वेळा लिहायला बसले आणि उठले. आता बसलेच आहे तर एका दमात लिहिते, तूही एका दमात वाच. मधे चष्मा काढून फिरायला जाऊ नकोस.

शून्य खरं नाही.

शहरात मशीन आहेत. बऱ्याच घरांत आहेत. कुणाकडून कळलं ते विचारू नकोस, सांगणार नाही. घराघरांनी पाहणीवाल्यांना 'नाही' सांगितलं, कारण तुला दिलेल्या शब्दाची आठवण त्यांना होती. आणि तुझी भीती.

हे न सांगता प्रश्न सुटला असता तर मी सांगितलं नसतं. पण सुटत नाही. मला कळलेली गोष्ट मी अहवालात घालू शकत नाही, ती खाजगी आहे. शहराने हरकत घ्यायला हवी की पाहणी चुकली, पुन्हा करा. मग पाहणीवाले पुन्हा येतील, घरात येऊन पाहतील. तेव्हा लोक पुन्हा 'नाही' म्हणाले तर शून्य पक्कं होईल, धुलाईघर जाईल. 'हो' म्हणाले तर शून्य मोडेल, मदत येणार नाही आणि अध्यक्षांच्या पांढऱ्या रेघा कागदावरच राहतील.

त्यांना 'हो' म्हणायला लावू शकेल असं शहरात एकच माणूस आहे. त्याच माणसामुळे ते 'नाही' म्हणाले.

तुझ्या जावईबापूंच्या शर्टांबद्दल म्हणशील तर तुझा अंदाज बरोबर आहे. या इमारतीत सगळ्यांच्या घरी मशीन आहे, आणि शनिवारी सगळ्या मजल्यांवर आपापल्या मशीनसमोर एकेक बाई उभी असते. मी हे दर आठवड्याला पाहत होते आणि एरवी कार्यालयात बसून त्याच मशीनला प्रगतीची खूण म्हणत होते. पण तो पुढचा प्रश्न. मेअखेर जवळ आली आहे.

खडू


६ मे

चि. खडू,

तुझे पत्र मिळाले. चष्मा काढला. फिरायला गेले. सांगितलेले ऐकायचे माझे वय नाही.

नदीपर्यंत जाऊन आले. वाटेत प्रत्येक घराकडे बघत होते, याच्याकडे असेल का, तिच्याकडे असेल का. ज्यांना मी वर्गात शिकवले त्यांचीही घरे होती. दोन दिवस धुलाईघरात कोणाशी बोलले नाही. मी बोलले नाही की लोक अधिक घाबरतात, हे मला नव्याने कळले. फार्मसीवाल्याचा वार होता. त्याने भीतीने एकेक शर्ट दोनदा खळबळला.

तिसऱ्या दिवशी सर्वांना गच्चीवर बोलावले. दोऱ्यांवर चादरी होत्या, त्यामुळे अर्ध्या लोकांना त्यांच्याआड उभे राहता आले. मी म्हणाले, "ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी हात वर करा."

कोणी हलले नाही. चादरीसुद्धा नाही.

मी म्हणाले, "हात वर केला नाही तर हे पाडतील. मी रागावेन ते वेगळे. मी रोजच रागावते. त्याने आजवर कोणी मेले आहे का?"

मागून कोणीतरी म्हणाले, "मेलं नाही, पण..." आणि लोक हसले. मग एका चादरीमागून हात वर आला. मिशाळ ड्रायव्हर.

"आमच्याकडे आहे, बाई. टेबलक्लॉथखाली."

"कधीपासून?"

"थोरलीच्या बाळंतपणापासून."

"मग तू वाराला येतोस कशाला?"

तो म्हणाला, "घरी मशीन लावायला गेलो की ही म्हणते, सरका, तुम्हाला जमत नाही. इथं असं म्हणायची कुणाला सोय नाही."

त्याची बायको बाजूलाच उभी होती. "खरं सांगू का बाई, घरचं मशीन घेतलं आणि कपडे परत माझ्या एकटीचे झाले. आता त्यात फक्त नातवाची दुपटी धुते. बाकीचं इथंच आणते. तेवढंच यांना घराबाहेर काढता येतं."

मग एकामागून एक हात वर आले. किती ते मी मोजले नाही. शेवटचा शिंपीणबाईचा. तिने हात वर केला आणि रडू लागली. चादरींचे सर्व सांगितले, सासूबाई काय म्हणाल्या तेही. फार्मसीवाला एकदम दोरीवरच्या चिमट्यांकडे बघू लागला. त्याच्याही आईचे शेवटचे दिवस तसेच गेले होते.

मला तिच्यावर रागावता आले नाही. राग शोधला, सापडला नाही. मी नियम केला तेव्हा आम्ही सगळ्या तरुण होतो. आजारी माणसाची चादर कोणाला उघडी करावी लागेल, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तुमच्या पाहणीत एक रकाना नव्हता, तसा आमच्या नियमात एक ओळ नव्हती.

हरकतीच्या कागदावर मी पहिली सही केली. अध्यक्षांना कागद दिला तेव्हा म्हणाले, "बाई, लोकांना खोटं बोलायला तुम्हीच शिकवलंत का?" मी म्हणाले, "नाही. खरं बोलायला शिकवते आहे. तुम्हीही हात वर करा, तुमच्या सौभाग्यवतींनी मला सगळं सांगितलंय." त्यांच्याकडे दोन आहेत.

पाहणीवाले येऊ देत. सर्वांना सांगितले आहे, टेबलक्लॉथ काढून ठेवा. तसेही दमटपणाने मशीन गंजते.

मावशी


१८ जून

प्रिय मावशी,

झालं! शून्य मोडलं. पुन्हा केलेली पाहणी आमच्याकडे पोचली, माझ्या सहकाऱ्याने तपासली, मी खोलीबाहेर बसले होते. आपलं शहर मधल्या गटात गेलं. मदतीच्या यादीतून आपण बाहेर, म्हणजे मोटारींच्या जागेला आता कारण उरलं नाही.

पाहणीवाल्या मुलीने एक टीप लिहिली आहे. तीच मुलगी, मशीनवर चहा प्यायलेली. लिहिते, 'या शहरात मशीन असलेल्या घरांनीही सामाईक धुलाईघर सोडलेले नाही. कारण विचारता बहुतेक स्त्रियांनी सांगितले, तिथे नवरा धुतो.'

ती टीप मी बैठकीत वाचली. तेव्हा मात्र मी खोलीत होते, आणि आपल्या शहरासाठी नाही, सगळ्या प्रदेशांसाठी बोलले. श्रीमंत प्रदेशात प्रत्येक घरी मशीन आहे आणि कपड्यांचं काम जवळजवळ पूर्ण बाईवर आहे. दुसऱ्या प्रदेशात मशीन नाही, बाई सकाळभर हाताने धुते. आम्ही पहिलीला विकसित म्हणतो, दुसरीला अल्पविकसित. दोघींनाही आम्ही एक प्रश्न विचारलाच नाही: तुझ्या घरात कपडे कोण धुतं?

आमचे प्रमुख म्हणाले, "प्रकरण छापायला गेलंय. आता रकाना वाढवायचा म्हणजे सगळीकडे पुन्हा विचारावं लागेल." मी म्हटलं, "मग माझं नाव या वर्षी काढा. पुढच्या वर्षी रकान्यासकट घाला." मग आमच्या वयस्कर लेखापाल बाई म्हणाल्या, "मुलीचं बरोबर आहे," आणि पाठोपाठ इतरही म्हणाले. प्रकरण थांबलं. माझं पहिलं प्रकरण या वर्षी येत नाहीये. रडू आलं, पण नंतर, घरी येऊन.

आपल्या शहराचं स्थान तसंच राहील. ते पाहणीवर ठरलं आहे, माझ्यावर नाही.

खडू


३० जून

चि. खडू,

तुझे पत्र मी धुलाईघरात सर्वांना वाचून दाखवले, 'रडू आलं' हे सोडून. ते माझ्याजवळ ठेवले आहे. नाव छापून आलेल्या खूप मुली मी पाहिल्या आहेत. बरोबर प्रश्नासाठी स्वतःचे नाव मागे घेणारी माझ्या घरातली आहे, हे मी शहरभर सांगते आहे. लोक कंटाळले आहेत. मी थांबणार नाही.

'मध्यम' हा शब्द मात्र मला पसंत नाही. मी आयुष्यात कुठेही मध्यम गुण घेतलेले नाहीत. पुढच्या वर्षी तुझा रकाना आला की बघू, कोणाचे शहर कुठे जाते.

शब्द आता बदलला आहे. घरात मशीन ठेवायला बंदी नाही, वार चुकवायला बंदी आहे. आणि नियमात ती राहिलेली ओळ घातली. आजारी माणसाची चादर बोचक्यात घालायची नाही. ज्याचा वार त्याने घरी जाऊन ती बंद पिशवीतून आणायची, वेगळी धुवायची, घडी घालून परत पोचवायची, आणि त्याबद्दल कुठेही अवाक्षर काढायचे नाही. मिशाळ ड्रायव्हर म्हणाला, "अवाक्षर म्हणजे नेमकं किती?" मी त्याच्याकडे पाहिले. त्याला कळले.

काल माझ्या घराचा वार होता. मी शिंपीणबाईच्या दारात गेले. ती उंबरठ्यावर आडवी उभी राहिली. "बाई, तुम्ही नका. तुम्ही मोठ्या. मी धुते ना घरी."

"वार माझा आहे," मी म्हणाले. "सरक."

आतून तिच्या सासूबाईंनी मला पाहिले आणि तोंड भिंतीकडे फिरवले. मी म्हणाले, "आजी, तुमच्या मुलाचे शाळेचे गणवेश मी धुतले आहेत. चिखलाचे. त्यापुढे हे काहीच नाही." त्यांचा खांदा हलला. हसल्या की रडल्या, मी विचारले नाही.

पिशवी घेऊन बाहेर पडले. मागच्या गल्लीने गेले असते तर कोणी पाहिले नसते. पण पिशवी बंद होती, आणि धुण्याची लाज मला नव्हती; मी बाजारातून, मुख्य रस्त्याने गेले.

मावशी